रुबेन खळ्यावर भेटला

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. बायबल पोटावर उघडं, चष्मा नाकावर, आणि मी कॉटवर पडून उद्याच्या भाषणाची वाक्यं जुळवतेय. उद्या आमच्या देवळात हंगामाचा सण. महिला मंडळाची अध्यक्ष मी, म्हणजे वचन मीच सांगायचं. विषय ठरलाय, बायबलातली रूथ. भाषण संपलं की सुनीतीला, माझ्या सुनेला, पुढे बोलवायचं, सगळ्या मंडळीसमोर तिला शाल घालायची आणि म्हणायचं, "ही बघा आमची रूथ! नवरा गेला, पण सासूला सोडलं नाही." एकदा देवळात रूथ म्हटलं की सुनीतीला सांगून आलेलं जालन्याच्या त्या देवदान भालतिलकाचं स्थळ आपोआप बारगळलं. रूथला सासूपासून तोडायची कुणाची छाती होणार आहे? खोटं कशाला बोलू, स्वतःच्या हुशारीवर मी भारी खूश आहे. डोळे मिटायला लागलेत. स्वयंपाकघरात सुनीती भांडी लावतेय, तो आवाज हळूहळू लांब जातोय.

"आई, सरक ना जरा."

पायाशी रुबेन बसलाय. माझा मुलगा. तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला तो. अंगात तोच निळा शर्ट, पायात चपला, चपलांना ही एवढी माती.

"मेल्या, चपला काढून बस," मी सवयीनं म्हणून जाते आणि जीभ चावते.

तो खदखदून हसतो. "काढतो, काढतो. उद्या काय सांगणारेस?"

"रूथ."

"कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हणजे? सगळे सांगतात तिथपर्यंत. ती सासूबरोबर निघते तिथपर्यंत."

पुस्तक चार अध्यायांचं, पण आमच्याकडे रूथ म्हणजे पहिला अध्याय. पाठांतराच्या स्पर्धेला तोच, लग्नात तोच, सासवांच्या तोंडी तर तोच. त्यापुढे जायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

"चल, दाखवतो," रुबेन म्हणतो आणि माझा हात धरतो. त्याचा हात गरम आहे. शेवटी दवाखान्यात मी धरला होता तेव्हा गार पडला होता. मी तो घट्ट धरून ठेवते. सोडायचाच नाही मला.

आम्ही देवळात आहोत. बाकं तीच, भिंतीवरचं घड्याळ तेच, पण फरशी नाही. पायाखाली सारवलेलं खळं आहे. छप्पर कुठे गेलं कोण जाणे, वर नुसतं आभाळ, आणि वेदीपाशी सातूची रास, माझ्या डोक्याच्याही वर. सणाला आम्हीही देवापुढे ज्वारीची कणसं ठेवतो, भोपळे ठेवतो, एखादी कोंबडीही असते. पण असं धान्य मी जन्मात पाहिलं नाही. ते आतून उजळलंय. माझी छाती भरून येते.

राशीच्या अलीकडे एक म्हातारी एका तरुण बाईची वेणी घालतेय. केसांना तेल लावतेय, पदर सारखा करतेय, मागे सरून बघतेय, पुन्हा सारखा करतेय.

"कोण रे ही?"

"नामी. आणि ती तिची सून. उद्या हिच्यावरच बोलायचंय ना तुला?"

"मग एवढं नटवून कुठं पाठवतेय तिला?"

"या खळ्याच्या मालकाकडे, बवाजकडे. लग्नाचं विचारायला."

"सासू पाठवतेय?"

"सासूच. तिसरा अध्याय, आई. सुनेचं घर वसायला हवं, हा विषय आधी तिनंच काढला."

म्हातारी वळून माझ्याकडे बघते. रागावत नाही, काही नाही. नुसती बघते. मी चटकन डोक्यावर पदर घेते.

"आणि माझं काय रे?" मी रुबेनला हळूच विचारते. "तू नाहीस. ती गेली की मी एकटी. मला भीती वाटते रे, रुब्या."

"पुढे बघ की."

आमच्या नेहमीच्या बाकावर आता तीच म्हातारी बसलीय. मांडीवर तान्हं बाळ. शेजारणींनी नुसता गलका केलाय, नामीला मुलगा झाला म्हणून.

"मुलगा तर रूथचा आणि बवाजचा," मी म्हणते. "नामीच्या रक्ताचं त्यात काय आहे?"

"काहीच नाही. पण मांडी कुणाची आहे?"

बाळ जांभई देतं. म्हातारी त्याच्या कपाळाचा मुका घेते आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो. हे पुस्तक मी उभा जन्म वाचतेय, आणि आज पहिल्यांदा त्यानं मला वाचलं. देवा रे, तू एवढा जवळ असतोस?

रुबेन राशीवर चढलाय. सूप भरतो, खाली येतो, माझ्या पदरात ओततो. "सुनीतीकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस," तो म्हणतो. पदर जड होतो. मी दाण्यांत हात घालते, बोटात काहीतरी कचकन घुसतं.

"थांब रे, जाऊ नको!"

"आई, आई, उठा. ओरडताय झोपेत."

सुनीती चहा घेऊन उभी आहे. बोट ठसठसतंय. ती उजेडात धरून बघते, सुई आणते, कॉटवर बसते आणि हळूच टोकरून काढते. लांबलचक, सोनेरी कुसळ.

"गव्हाचं नाही हे. कुठून आलं? आपण तर पीठ विकत आणतो."

"सातूचं आहे," मी म्हणते. मग म्हणते, "त्या देवदानचा पुन्हा फोन आला होता?"

सुईचा हात थांबतो. "मी नाही म्हणून सांगणारेय, आई. तुम्हाला एकटं टाकून मी कुठं जाऊ?"

"तुला कुणी विचारलंय? उद्या सणाला बोलाव त्याला. पहिल्या बाकावर बसव. म्हणावं, भाषण लांबणार आहे, चारही अध्याय आहेत."

बोटावर रक्ताचा थेंब आलाय, तो ती ओढणीनं पुसते, आणि माझा हात हातात धरून ढसाढसा रडायला लागते.

"रड नंतर," मी म्हणते. "आधी फोन लाव."