चाप मी ओढला होता

गोळी सुटली तेव्हा पिस्तूल माझ्या हातात होतं. पुढे पाट, पाटावर माझ्या भावाच्या हातोड्या, चिमटे, बारीक करवत, भोवती अक्षता. कानाला एकदम दडा बसला. समोरच्या भिंतीला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात माझी भावजय शोभना झेंडूची माळ ओवत बसली होती. आधी खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अहो... अहो, माझा पाय..." माझा भाऊ वसंत कमरेला टॉवेल गुंडाळून, अंगावरून पाणी गळत धावत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पिस्तूल माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं आणि आत गेला. तिची मांडी आवळून बांधली, फोन केला, आणि बाहेर येऊन हळू आवाजात मला म्हणाला, "अक्का, हात धुऊन ये. बोटाला कुंकू आहे." मी हात धुऊन आले तोवर पोलीस दारात होते, आणि माझा भाऊ त्यांना सांगत होता की पिस्तूल पूजेला ठेवण्यासाठी रिकामं करताना गोळी आपल्या हातून सुटली. मला इंग्रजी येत नाही, पण "आय डिड इट" एवढं कळत होतं. मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढची सात वर्षं नाही.

वसंत सहा आठवड्यांपूर्वी गेला. कामावर, बाकावर बसल्या बसल्या, हातात अंगठी आणि डोळ्याला भिंग. फोन मी उचलला. पलीकडचा माणूस "सॉरी, सॉरी" म्हणत होता, त्यावरूनच समजलं. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी शोभनाकडे त्याच्याबद्दल लेख मागितला. ती म्हणाली, वन्सं लिहितील. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे सजवून लिहिता येणार नाही, आणि सजवण्यासारखं माझ्याकडे काही नाहीही.

आम्ही हुपरीचे. आई गेली तेव्हा वसंत चार वर्षांचा आणि मी बारा वर्षांची. शाळा आधीच सुटली होती, मग चूल आणि वसंत माझ्याकडे आले. वडील चांदीचं काम करायचे. वसंत त्यांच्या मांडीशी बसून शिकला. हात इतका स्थिर की दहा वर्षांचा असताना पैंजणांची घुंगरं जोडायचा आणि डाग कुठे दिला ते वडिलांनाही शोधावं लागायचं. पुढे मुंबई, तिथून अमेरिका. बेलव्ह्यूला एका जवाहिऱ्याकडे खडे बसवायचं काम मिळालं. मी विधवा झाल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. पाहुणी म्हणून आले आणि राहिले. कायम राहण्याचे माझे कागद सरकारात पडून होते.

पिस्तूल त्यानं हौसेनं घेतलं नाही. हौस नंतर आली. दुकानातून दुरुस्तीचा माल घरी आणायचा, खडे बसवून परत न्यायचा, कधी कधी कोटाच्या आतल्या खिशात दुसऱ्याच्या लग्नाचे हिरे. त्याच्याबरोबरच्या एका कारागिराला गाडीतळावर मारून लुटलं. तेव्हा मालकानंच सांगितलं, परवाना काढ आणि काहीतरी जवळ ठेव. दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन एक उचललं असतं. वसंत निवडायलाच वर्षभर बसला. दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचं, एक पिस्तूल भाड्यानं घ्यायचं, पन्नास गोळ्या झाडायच्या, भोकं पडलेला कागद घरी आणून दिव्याखाली धरायचा. शोभनाला आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून सोबत मी. कानावर ती मोठी झाकणं लावून मी मागच्या बाकावर बसायचे, मांडीवर चहाचा थर्मास.

त्याला एकच पिस्तूल हवं होतं, रोज कमरेला वागवता येईल असं आणि रविवारी नेम धरायलाही चालेल असं. रेंजवरचा म्हातारा पोट धरून हसायचा. म्हणायचा, असं नसतं, एक बायको स्वयंपाकाला आणि तीच मिरवायला, असं मिळत नाही. वसंतनं मला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी म्हणाले, "त्याला सांग, आमच्याकडे तसंच मिळतं." वसंतनं सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारा मला मामा म्हणायला लागला. त्यांच्याकडे मामा म्हणजे आई, हे मला नंतर कळलं.

पहिलं पंचेचाळीसच्या मोठ्या गोळीचं, जुन्या घाटाचं. नेमाला सुरेख, पण वजन असं की कमरेचा पट्टा खाली यायचा. दुसरं तळहातात मावेल एवढं. खिशात आहे की नाही कळायचं नाही, पण वीस पावलांवर गोळ्या कुठेही जायच्या. एकाची मूठ जाड, एक दर तिसऱ्या गोळीला अडकायचं. वसंतला सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा तो चाप. तो म्हणायचा, पातळ पत्र्यात करवत शेवटी कशी अलगद सुटते, तसा चाप सुटला पाहिजे. जोर लावावा लागला की हात हलतो. शेवटी दोन उरली, दोन्ही नऊ मिलिमीटरची, दोन्ही चपटी. त्या शनिवारी शोभनाही आली होती, बाहेर गाडीत न बसता आत आली होती. वसंतनं दोन्ही काचेवर ठेवली आणि मला म्हणाला, "अक्का, हे बघ. याचं हे गोळ्यांचं मॅगझिन काढलं ना, की हे उडतच नाही. आत नळीत गोळी राहिली असली तरी नाही."

"म्हणजे बरंच की. घे ते."

"पण त्याच भानगडीमुळे चाप रडका झालाय. ओढताना खरखरतो. हे दुसरं बघ, लोणी आहे. पण हे मॅगझिन काढल्यावरही उडतं, आत एक राहिली असली तर."

"मग तू ती एक काढत जा. तुझ्यासारखा माणूस विसरणार आहे होय?"

"मी नाही विसरणार. घरात दुसरं कुणी..."

"दुसरं कोण? घरात पोर आहे का बाळ आहे? कुणासाठी एवढी राखण?"

शोभना माझ्या शेजारी उभी होती. त्यांना मूल नव्हतं. ती काचेतली दुसरी पिस्तुलं बघायला लागली. वसंतनं लोण्यासारख्या चापाचं पिस्तूल पुढे सरकवलं. ते बोलणं मी शोभनाला टोचावं म्हणूनच बोलले होते. त्या वेळी मला तसं बोलायची सवय होती.

ते पिस्तूल त्याला फार मानवलं. रविवारच्या नेमबाजीच्या क्लबात गोरे लोक त्याच्या मागे उभे राहून बघायचे. एक कप मिळाला, तो त्यानं टीव्हीच्या शेजारी ठेवला. घरात त्याचा नियम पक्का होता. भरलेलं असेल तर कुलपाच्या पेटीत. पेटीबाहेर ठेवायचं तर रिकामं. रिकामं कसं करायचं तेही ठरलेलं. मॅगझिन काढायचं, वरचा भाग मागे ओढून आतली गोळी पाडायची, दिव्याखाली आत बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, मग गॅरेजमधल्या वाळूच्या बादलीकडे नळी करून एकदा चाप ओढायचा. टिक. मगच खाली ठेवायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. कारागिराच्या घरी हा दिवस चुकत नाही. पूजा मीच करायचे, घरात मोठी म्हणून. पहिल्या दोन वर्षी वसंतनं आपल्या हातानं पिस्तूल रिकामं करून हातोड्यांशेजारी ठेवलं आणि मी त्याला कुंकू लावलं. तिसऱ्या वर्षी तो सकाळी माल पोचवून मध्येच घरी आला. पूजा करून, चार घास खाऊन परत जायचं होतं. म्हणून पिस्तूल भरलेलंच पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि अंघोळीला गेला. म्हणाला, "अक्का, मी येईपर्यंत थांब."

नैवेद्य निवत होता. किल्ली त्याच्या पँटच्या खिशात, पँट दारामागे. मी पेटी उघडली. मॅगझिन कसं काढायचं ते दहादा पाहिलं होतं, काढलं. मला वाटलं, गोळ्या त्यात असतात, ते काढलं म्हणजे झालं. मुठीला कुंकू लावलं. मग आठवलं की तो शेवटी टिक करतो. माझ्या लेखी तो पूजेचाच भाग होता. मधलं सगळं सोडून मी ते शेवटचं केलं. रेंजवर काचेवर ठेवलेलं ते खरखरत्या चापाचं पिस्तूल घेतलं असतं तर ते उडालं नसतं.

मुठीवरचं कुंकू पोलिसाला रक्त वाटलं. वसंतनं त्याला आमची पूजा समजावून सांगितली. पिस्तूल गेलं, परवाना गेला, क्लबानं यादीतून नाव कमी केलं. शोभनाचं दोनदा ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण डाव्या बाजूनं ती झुकून चालते. मी तिची वेणीफणी केली, तिला कमोडवर बसवलं, आणि ती रडत नवऱ्याला बोलायची तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वसंतनं मला कधी विचारलं नाही की का केलंस. एवढंच म्हणाला की तुझं नाव आलं तर कागद अडकतील, परत जावं लागेल, तिकडे तुझं आहे कोण. दोन वर्षांनी कागद झाले. मी म्हणाले, "आता शोभनाला सांगायचं का?" तो म्हणाला, "तिला मला माफ करता येतं, अक्का. तुझ्याबरोबर एका घरात राहणं नाही जमणार. राहू दे." त्यानं राहू दे म्हटलं आणि मला बरं वाटलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

एवढ्यावरही थांबले असते तर... एका दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पोरं फुलबाज्या लावत होती. एक कॉलेजचा मुलगा ओरडला, "वसंतकाका, तुम्ही नका लावू यार, आमचे पाय राहू देत!" सगळे हसले. कुणीतरी मला म्हणालं, काय हो अक्का, भाऊ पहिल्यापासून असाच का? मी म्हणाले, "लहानपणापासून धांदरट." ज्या माणसानं आयुष्यात एक खडा हातातून पडू दिला नाही, त्याला मी चारचौघांत धांदरट म्हणाले, कारण सगळे हसत होते आणि हसण्यात मला लपता येत होतं. वसंत समोरच होता, हातात चकलीची बशी. तो म्हणाला, "अक्का म्हणते म्हणजे खरंच." आणि पुढे सरकला.

त्याच्या शोकसभेत मंडळाचे एक गृहस्थ बोलायला उठले. चांगलं बोलले. म्हणाले, त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली, पण पत्नीची सेवा करून त्यांनी ती फेडली. लोकांनी माना हलवल्या. शोभनानंही हलवली.

तेरावा झाल्यावर मी तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, किल्लीपासून टिकपर्यंत. तिनं हातातला देठ ताटात ठेवला.

"शॉवर चालू होता," ती म्हणाली. "गोळीचा आवाज आला तेव्हाही आणि नंतरही. पोलीस आल्यावर कुणीतरी बंद केला. मला ऐकू येत होतं, त्यांच्या अंगावरचं पाणीही दिसत होतं, वन्सं. मी कधी विचारच केला नाही."

तिनं दुसरा देठ उचलला.

"मागच्याच वर्षी म्हणाले होते, परत एकदा रेंजवर जाऊन येऊ का, नुसतं बघायला. मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, माझा दुसरा पाय हवाय का?"

"शोभना..."

"आणि दिवाळीला तुम्ही हसलात."

"हसले."

"जरा थांबा, बोलू नका." तिनं भाजी बाजूला ठेवली, भिंतीला धरून उठली आणि खोलीत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लेखासाठी फोन आला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं लिहितील. नावानिशी लिहितील." तिनं मला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. सध्या ती मला जेवायला वाढते आणि समोर बसत नाही.

म्हणून हे लिहिलं. वसंत विष्णू कांबरे यांच्या हातून कुणावरही गोळी सुटली नाही. चाप त्यांची थोरली बहीण सुंदराबाई हिनं ओढला. त्या दुपारी घरात आम्ही तिघं होतो. तिघंही वाचलो. आता दोघी आहोत.