अक्कांचे नापास कागद

माधवचा फोन आला तेव्हा मी पेनात शाई भरत होते. "काकू..." एवढंच म्हणून तो थांबला, आणि पुढचं त्यानं सांगायची गरज उरली नाही. अक्का गेल्या. बोटांना शाई लागलेली तशीच मी लातूरच्या स्टँडवर आले आणि नांदेडची एस.टी. धरली. वाटेत कितीदा तरी त्या निळ्या बोटांकडे लक्ष गेलं. अक्का दारात असत्या तर आधी बोटंच बघितली असती आणि म्हणाल्या असत्या, "काय गं हे, इतक्या पोरी शिकवल्यास आणि अजून शाई भरता येईना व्हय तुला?" दारात त्या नव्हत्या. त्या दिवशी त्या घरात माझी बोटं कुणीच बघितली नाहीत, आणि मला रडू आलं ते तेव्हा.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी गळा काढून लिहिणारी बाई नाही. जन्मभर पोरींचे निबंध तपासले आणि 'अश्रूंचा पूर' दिसला की खाली लाल रेघ ओढली. त्यामुळे अक्का किती थोर होत्या, त्यांनी किती सोसलं, असलं मी काही लिहिणार नाही. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माधवच्या आई. आणि नांदेडात कागदाची पारख त्यांच्याएवढी कुणाला नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

मी लग्न होऊन लातूरहून नांदेडला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं जगात लढाई चालू होती. माझे मोठे दीर, म्हणजे अक्कांचे यजमान, नोकरीसाठी हैदराबादेत असायचे. तिथं बिऱ्हाड करण्यासारखी सोय नव्हती म्हणून अक्का आमच्याबरोबर नांदेडला. नवराबायकोचा सगळा संसार टपालातून चालायचा. अक्कांना लिहायला खूप असायचं आणि पाकीट जड होऊन चालायचं नाही, म्हणून कागद हवा पातळ. पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहायचं, म्हणून एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला दिसता कामा नये. आणि अक्का लिहायच्या फौंटनपेननं, तेही भरपूर शाई सोडणाऱ्या, म्हणून शाई पसरताही कामा नये. पातळ, पण दाट. गुळगुळीत, पण निब घसरणार नाही असा. सासूबाई म्हणायच्या, "आमी सुना बघताना इतकं बघितलं न्हाई!"

सकाळी आम्ही दोघी गंगेवर जायचो. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. येताना वाटेत करीमभाईंचं दुकान लागायचं. सुई-दोरा, बटणं, शाई, कागद, सगळं त्यांच्याकडं मिळायचं. अक्का पायरीवर उभ्या राहायच्या, पदर नीट घ्यायच्या आणि आधी हात कोरडे करायच्या. ओल्या हातानं कागदाला शिवणं त्यांच्या दृष्टीनं खरकट्या हातानं देवाला शिवण्यासारखं होतं. मग कागद दोन बोटांत धरून कानाशी हलवायच्या. चांगला कागद पातळ असला तरी कडक वाजतो, वाईट कागद मुका असतो. मग एक कोपरा ओठाला लावायचा. ओठाला चिकटला तर तो कागद पाणी पितो, म्हणजे शाईही पिणार. पण नुसत्या या दोन परीक्षांवर त्या निकाल देत नसत, प्रत्येक कागदाची तिसरी परीक्षा पेनची. होय, पेन त्या गंगेवर न्यायच्या! कोरड्या फडक्यात गुंडाळून, कमरेला खोचून. "थोरली एकवेळ तांब्या विसरंल, पण पेन विसरायची न्हाई," असं घरात सगळे म्हणायचे.

आता घोळ सगळा या तिसऱ्या परीक्षेत होता. पेन चालवून बघायचं तर काहीतरी लिहिलं पाहिजे. दुसऱ्या कुणी नुसती रेघ ओढली असती. पण कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर श्री सोडून दुसरं काढायचं नाही, हे अक्कांच्या हातात इतकं मुरलेलं की त्या पानाच्या डोक्यावर, मधोमध, ठसठशीत श्री काढायच्या. वाळू द्यायच्या. मग पान उलटून सूर्याकडं धरायच्या. पाठीवर श्री दिसला की कागद नापास. आणि लढाईच्या दिवसांतला कागद, तो कसला पास होतोय!

नापास झाला तरी त्यावर देवाचं नाव पडलेलं. तो पुन्हा गठ्ठ्यात कसा ठेवायचा? करीमभाई बिचारे डोक्याला हात लावायचे. "क्या बाई आपन भी! हर कागज पे भगवान का नाम डाल देते. अब मैं इसमें सुई-डोरा कैसा बांधूं? पाँव के नीचे गया तो मेरेकू गुनाह लगता. ले जाव, तुमीच ले जाव."

घरी आणलं तरी तीच अडचण. त्यानं चूल पेटवता येईना, त्यात पुडी बांधता येईना, खाली पसरता येईना. नुसती रेघ ओढा ना अक्का, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू कुंकू पुसा म्हटलं होतं. मग ते नापास कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जायचे. प्रत्येकाच्या डोक्यावर श्री, खाली सगळं मोकळं. पेटी भरत आली होती.

त्या पेटीनं माझं आयुष्य बदललं. माहेरी मला शिकायची फार हौस. शाळा अर्धी सुटली आणि लग्न झालं. बाहेरून बसता येईल अशी एक मराठी परीक्षा होती, लातूरला तिचं केंद्र होतं. ती द्यायची, आणि मग मास्तरीण व्हायचं, एवढं एकच स्वप्न मी सासरी घेऊन आले होते. यजमानांना सांगितलं, ते बरं म्हणाले आणि आईला विचार म्हणाले. पुरुषांचं हे एक बरं असतं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण सुनेनं दुपारी पाटी-पुस्तक घेऊन बसावं हे त्यांना पटणारं नव्हतं. सरळ नाही म्हटलं तर मुलगा दुखावेल, म्हणून त्यांनी युक्ती काढली.

"शिक की. म्या कशाला नको म्हणू? पण कागद कुठंय? लढाईचे दिवस, ह्यांच्या कामाला कागद मिळंना झालाय. तू कशावर लिहिणार, भिंतीवर?"

मी तांदूळ निवडत मान खाली घालून बसले. अक्का शेजारीच होत्या. त्या उठल्या, आत गेल्या, आणि पेटी फरफटत बाहेर घेऊन आल्या. झाकण उघडून म्हणाल्या, "हे घ्या. कागदच कागद हाय."

"अगं, त्यावर देवाचं नाव हाय, त्यावर काय गिरबटती ती?"

आणि मग अक्कांनी, ज्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "त्याचंच तर भ्या वाटतंय आत्याबाई. श्री लिहून पान कोरं ठेवलं तर घराला दोष लागतोय म्हणं. निलंग्याला माहेरी आमच्या अव्वा सांगायच्या. म्या तर पेटीभर दोष करून ठेवलाय. हिनं भरली पानं तर बरंच हाय की..."

असला दोष कुठल्याही पोथीत नाही. निलंग्याच्या अव्वांनी तो जन्मात ऐकला नसेल. पण सासूबाई पेटीकडं बघत राहिल्या. एवढी कोरी पानं, एवढा दोष! दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली तेव्हा त्यांनीच मला हाक मारली, "धाकटे, बस बाई लिहायला. भांडी म्या बघती." पुढं पुढं तर त्या रोज विचारायच्या, "आज किती दोष उतरला गं?" अक्का आणि मी एकमेकींकडं बघायचं टाळायचो. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

सुरुवातीला मी पेन्सिलनं लिहायची, कारण शाई त्या कागदावर ठरत नसे. गणितं, व्याकरण, निबंध, सगळं अक्कांच्या श्रीखाली. परीक्षा जवळ आली तसं अक्कांनी पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःचं पेन हातात दिलं. मी पहिलीच ओळ लिहिली आणि अक्षरांना मिशा फुटल्या. कागद शाई पिऊन टम्म. मी रडकुंडीला आले. म्हटलं, असल्या कागदावर कसं लिहायचं?

"चांगल्या कागदावर कुणीबी लिहितंय," अक्का म्हणाल्या. "वाईट कागदाला हात हलका पाहिजे. आन् मधी थांबायचं न्हाई. काय लिहायचं ते आधी डोक्यात ठरव, मग पेन टेकव आन् चालत राहा. निब थांबली की पसरलंच म्हणून समज."

महिनाभर त्या शेजारी बसून राहायच्या. मी अडखळले की नुसतं "हं..." म्हणायच्या. भाजी निवडताना, वाती वळताना त्यांचं लक्ष माझ्या निबेवर. हळूहळू हात हलका झाला. आधी विचार, मग अक्षर, अशी सवय लागली. मी एकदा विचारलं, अक्का, तुमचं अक्षर इतकं सुंदर, वाचन इतकं, तुम्ही का नाही बसलात परीक्षेला? त्या वात वळत होत्या. ती पुरी वळून झाली, मग म्हणाल्या, "माझे वडील बस म्हणले होते. म्या विचार करत राहिले, आज सांगू, उद्या सांगू... थांबले गं मी. थांबलं की पसरतंय." आणि दुसरी वात घेतली.

लातूरला परीक्षेच्या खोलीत कागद वाटले. लढाईतला, करडा, भुसभुशीत कागद. एकीनं पहिलं अक्षर काढलं आणि "अगं बाई" म्हणून टिपकागद शोधायला लागली. खोलीभर चुळबुळ. मी कागद ओठाला लावला. चिकटला! मला तर माहेर भेटल्यासारखं झालं. वर श्री लिहिला, डोक्यात उत्तर ठरवलं, आणि पेन टेकवलं ते शेवटपर्यंत. नापास कागदांवर शिकून मी पास झाले, ही माझी लाडकी कोटी. पुढं शाळेत शेकडो पोरींना मी ती ऐकवली. खरी गोष्ट मात्र एवढीच की एका बाईनं माझ्यासाठी देवाच्या नावानं एक धडधडीत खोटं सांगितलं, आणि तिच्या त्या एका खोट्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं.

निकाल आला त्या दिवशी अक्कांनी त्यांच्या जवळचा सगळ्यात चांगला कागद काढला. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि कानाशी धरला की खणखणीत. तो त्या यजमानांच्या पत्रालासुद्धा वापरत नसत. म्हणाल्या, "ह्याच्यावर नोकरीचा अर्ज लिही." नोकरी लातूरला मिळाली, माझे यजमानही तिकडं आले. निजाम गेला, राज्य बदललं. मोठे दीर हैदराबाद सोडून नांदेडला परतले, आणि अक्कांची पत्रं मग मला यायला लागली. पातळ कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, एका बाजूचं अक्षर दुसरीकडं डोकावायचं नाही. बॉलपेनं आली तेव्हा त्यांनी मला लिहिलं होतं, "ह्या पेनला कुठलाबी कागद चालतो म्हणे. ज्याला कुठलाबी चालतो त्याला कशाचंच काय वाटत नसतं."

शेवटची भेट दिवाळीतली. डोळे गेले होते, लिहिणं बंदच. मी जाताना मुद्दाम एक कागद नेला होता, बराच शोधून आणलेला. हातात दिला. त्यांनी आधी पदराला हात पुसले. मग कागद कानाशी हलवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला... "बोलतोय गं हा," म्हणाल्या. ओठाला लावायला कोपरा सापडेना, मी धरून दिला. मग हात पुढं केला. मी पेन दिलं. बोटांनी चाचपत पानाचा मध्य शोधून त्यांनी श्री काढला. जरा तिरका आला. मी पान उलटून उजेडाला धरलं. "दिसतोय का?" त्यांनी विचारलं. नाही अक्का, पास, मी म्हटलं. त्या लहान पोरीसारख्या हसल्या.

तेराव्याला माधवनं ती पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. "काकू, ही तुम्हीच न्या. आत थोडे कागद राहिलेत. फेकवत न्हाईत, वर श्री हाय." हसावं की रडावं कळेना. घरी येऊन उघडली. उगाच चार पानं तळाशी होती, कडेनं पिवळी पडलेली, वर निळ्याकाळ्या शाईचा श्री. माझ्या हातून भरायचा राहून गेलेला तेवढा दोष.

हा लेख मी त्याच पानांवर लिहितेय. डोक्यात सगळं ठरवून पेन टेकवलं होतं, हातही हलका ठेवला होता. तरी मध्ये मध्ये थांबले. जिथं जिथं थांबले तिथं शाई पसरली आहे. छापल्यावर ते डाग कुणाला दिसणार नाहीत, अक्का असत्या तर त्यांनी मात्र एकेकावर बोट ठेवून "हं..." म्हटलं असतं. आता हे शेवटचं पान. एवढं लिहून झालं आणि जुन्या सवयीनं मी ते उलटून खिडकीकडं धरलं. माझी अक्षरं पाठीवर उमटलीत, आणि त्यांच्या डोक्यावर, मधोमध, अक्कांचा श्री. याच कारणानं त्यांनी हा कागद नापास केला होता. मी तो बराच वेळ तसाच उजेडात धरून बसले. पलीकडून, उलटा का होईना, पण दिसत होता.