सहाव्या तासाची दहा मिनिटं

मावशी आमच्याकडे आल्या त्या काचेच्या बाटल्या धुवायला, आणि बघता बघता त्यांनी टाकी ताब्यात घेतली. शंभर लिटरची ती स्टीलची टाकी. तिच्यात जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्यापासून रक्ततपासणीच्या किटला लागणारं एन्झाइम काढायचं, एवढाच आमच्या छोट्या कंपनीचा पसारा. पदव्यांची भेंडोळी घेऊन किती आले नि गेले, पण टाकी ऐकायची मावशींचंच. "काय गं बाई, आज रुसलीस होय?" असं तिच्याशी खुशाल बोलायच्या. आम्ही फिदीफिदी हसायचो.

मी नोंदी ठेवणारा. म्हणजे कागदी घोडे नाचवणारा.

मग साहेबांनी ठरवलं, माल बाहेरच्या मोठ्या कारखान्यातून बनवून घ्यायचा. तिकडे हजार लिटरच्या टाक्या, इकडे आमची खोली गळक्या पाइपांना चिंध्या बांधून चाललेली. साहेबांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण तोवर आपली टाकी थांबवायची, आणि तिकडची एक बॅच जमली की ती कायमची बंद आणि मावशींना नारळ, हेही ठरलेलं होतं.

कृती लिहून पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चार दिवस मावशी समोर बसून सांगत होत्या. कशासाठी, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी हातचं काही राखलं नाही.

"सहाव्या तासाला फेस वर चढतो बघ," त्या म्हणाल्या. "तेव्हा दहा मिनिटं ढवळणं मंद करते मी. नाहीतर सगळं नासतं."

मी लिहिलं आणि मला जुन्या नोंदी आठवल्या. मंजूर कृतीत 'वेग कायम' असं होतं, म्हणून वर्षानुवर्षं प्रत्येक बॅचच्या नोंदीत मी तेच लिहून सही ठोकत आलो होतो. आता खरं लिहिलं, तर त्या सगळ्या सह्या खोट्या ठरणार. मी ते वाक्य सरळ खोडून टाकलं.

तिकडची पहिली बॅच नासली. दुसरीही नासली. साहेबांचं डोकं फिरलं. त्यांनी मावशींना माझ्यासमोरच बोलावलं. "मुद्दाम काहीतरी लपवलंय तुम्ही. पोटावर पाय येतोय ना!"

"याला सगळं सांगितलंय मी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी सांगितलेलं सगळं लिहिलंय मी, सर," मी म्हणालो. माझी जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. वय झालं. विसरले असेन."

तिसरी बॅचही नासली, तर माल पुन्हा आपल्याच टाकीत करायचा, असं साहेब बोलून गेले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मावशींची नोकरी वाचेल आणि माझं पापही झाकलं जाईल, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्या टेबलापाशी आल्या.

"त्या कारखान्याला ते ढवळण्याचं कळवलंस का?"

"मावशी, कळवलं तर तुम्हीच घरी बसाल!"

"अरे, दवाखान्यांतले किट संपलेत. माणसं तपासणीवाचून खोळंबलीत. माझं मी बघीन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुलाच नवीन सुचलं असं लिही. म्हणजे जुन्या कागदांचं कुणी विचारणार नाही."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही, लाज सोडून, मी तसंच लिहिलं.

तिसरी बॅच उत्तम निघाली. साहेबांनी सगळ्यांना जमवून माझी पाठ थोपटली. "मावशींनी दडवलेलं यानं शोधून काढलं!" मावशी त्याच दिवशी कपाटाची किल्ली परत द्यायला आल्या होत्या. दारात उभ्या राहून सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं होतं, अगदी शपथेवर सांगतो. पण त्यातून "थँक यू, सर" एवढंच बाहेर पडलं.