जास्तीची तार

आमचा दादा कपड्यांच्या दुकानात कापणारा मास्तर. उभा जन्म कापड बेतण्यात गेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत थोडं जास्तीचं असतंच आणि ते काढून टाकणं हे आपलंच काम, अशी त्याची पक्की समजूत. घरात काही बिघडलं की हा ते उघडतो, पुसतो, परत बसवतो आणि उरलेले दोनचार भाग तळहातावर घेऊन घरभर मिरवतो. "बघा, ह्यांच्याशिवाय चालतंय! कंपनीवाले उगाच भरताड घालतात." पंखा चालतो, पण त्याच्याखाली कोणी बसत नाही. इस्त्री चालते, पण बंद व्हायचं नाव घेत नाही. मी त्याची सख्खी बहीण, वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे तोंडावर सुनावते. वहिनी मात्र आजवर एका शब्दानं बोलली नाही. "छान झालं हो," म्हणते आणि इस्त्रीची वायर ओढून काढते. तिनंच त्याला डोक्यावर चढवून ठेवलाय.

वहिनी आणि मी एकाच वाचनालयात कामाला. मी पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीशी. वहिनी कितीतरी वर्षं तळघरात बसून फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायची. हाताला खळ, केसांना खळ, डब्यालाही खळीचा वास. शेवटी तिला वर बोलावलं, खिडकीजवळची खुर्ची दिली आणि समोर संगणक, नव्या पुस्तकांच्या नोंदी करायला. संगणक जुना, कीबोर्ड त्याहून जुना. पाट्यासारखा जड, आणि बटणं दाबली की खडखडाट असा, की पेपर वाचायला येणारे आजोबा दचकून जागे व्हायचे. पण वहिनीचा त्याच्यावर भारी जीव होता.

एकदा तिच्या हातून त्याच्यावर कॉफी सांडली. टेबलाशी खाणंपिणं नेऊ नये, हा मोठ्या बाईंचा नियम. मोठ्या बाई म्हणजे आमच्या वाचनालयाच्या प्रमुख. त्या नुसतं "हळू" म्हणाल्या तरी माणूस चळाचळा कापतो. बटणं चिकटली, वहिनी घाबरली, तिनं शनिवारी गुपचूप कीबोर्ड पिशवीत घातला आणि घरी नेऊन दिला कोणाला? दादाला! मी कपाळाला हात लावला.

दादानं बटणं धुतली, वाळवली, एकेक जागेवर बसवलं. आणि अर्थातच एक तार उरली. चपटी, विणलेली, दोन्ही टोकांना कड्या. "कशालाच लागत नाही ही," तो म्हणाला, आणि दोन दिवसांपूर्वी त्याच्या चष्म्याची काडी तुटली होती, तिच्या जागी ती तार डोक्यामागून बांधून टाकली. त्या अवतारात तो दुकानात गेला, लग्नाला गेला, फोटोतसुद्धा आला.

सोमवारी कीबोर्ड झकास चालला. मग थंडी कडक पडली. हवा कोरडी ठणठणीत, दिवसभर हीटर चालू, खाली गालिचा. वहिनी लोकरीचा स्वेटर घालून आली, बटणाला बोट लावलं आणि चट्! तिला चटका बसला आणि संगणक जागच्या जागी थिजला. सकाळपासूनचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः येऊन बसल्या, टकटक केलं, तर काही म्हणजे काही झालं नाही. त्या उठल्या, वहिनी बसली, चट्! झालं, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की वहिनीच्या हाताला गुण नाही. शिपाई तिच्याकडे पुस्तकं छत्रीनं ढकलायला लागला. मेल्याला मी दोनदा झापला.

"येत्या गुरुवारी दुरुस्तीवाला येतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "यंत्रात दोष नसेल, तर तुम्ही पुन्हा खाली तळघरात. नाइलाज आहे."

त्या दिवशी घरी जाताना वहिनी म्हणाली, "मला परत खाली जायचं नाही गं. ती खुर्ची मला हवीय." आयुष्यात पहिल्यांदा तिनं 'मला हवंय' म्हटलेलं मी ऐकलं. माझा जीव कळवळला.

दादानं उपाय काढला, तोही शिवूनच. सुती झगा, आणि मागे शेपूट, शेपटात साखळी. "वीज शेपटातून जमिनीत जाणार," तो म्हणाला. गालिचा म्हणजे जमीन नव्हे, हे त्याला कोण सांगणार! वहिनी निघाली की खळखळ, खळखळ. आजोबा पेपर टाकून देवाचं नाव घ्यायला लागले. वर ती साखळी खुर्चीच्या चाकात अडकली आणि वहिनी खुर्चीसकट गोल फिरून भिंतीला लागली.

गुरुवारी दादा शेपूट आणखी लांब करायला मापपट्टी घेऊन आला, आणि तेवढ्यात दुरुस्तीवालाही आला. त्याला सर्दी झालेली. शिंकत शिंकत त्यानं कीबोर्ड उलटा केला, स्क्रू काढले, आत डोकावला.

"बटणांखाली हा लोखंडी पत्रा दिसतोय ना?" तो म्हणाला. "अंगावरची वीज फटीतून ह्याच्यावर उडी मारते. पत्र्यापासून एक तार बाहेर जायला हवी, म्हणजे ती वीज निमूट निघून जाते. जुन्या कीबोर्डांत ही सोय असायचीच. ह्यात तारच नाही, म्हणून ती आतल्या चिपमध्ये शिरतेय."

"मग मला काही का झालं नाही?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुमच्या चपला चामड्याच्या, स्वेटर नाही. ह्यांचे बूट रबरी, वर लोकर." तो पुन्हा शिंकला. "विणलेली चपटी तार असते, दोन्ही टोकांना कड्या. कोणीतरी काढलीय."

मोठ्या बाई वहिनीकडे वळल्या. "कीबोर्ड कोणी उघडला?"

वहिनीनं मान खाली घातली. तिनं चुकूनही दादाकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात दादानं चष्मा काढला. तार सोडायला लागला, गाठ सुटेना, दातानं सोडवली. चष्म्याशिवाय त्याला हातभरापलीकडचं दिसत नाही. तो ताठ उभा राहिला आणि पेपरवाल्या आजोबांना म्हणाला, "बाई, चूक माझी आहे. तार मी काढली. मला ती जास्तीची वाटली. हिचा काही दोष नाही, हिला खाली पाठवू नका."

"बरं," आजोबा म्हणाले.

"मी इकडे आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्यानं तार पुसून जागेवर लावली. वहिनीनं मुद्दाम गालिच्यावर पाय घासले, बोट ठेवलं. चट्! "आई गं!" ती ओरडली, आणि पडद्यावर अक्षर उमटलं. पुढचं उमटलं. सगळी ओळ उमटली.

"चालू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "खुर्ची तुमचीच."

आणि वहिनी हमसून हमसून रडायला लागली. दादा टेबलं चाचपत तिच्यापाशी पोचला. "अगं, आता काय झालं? खुर्ची राहिली ना?"

"हात लावीन ते बंद पडत होतं हो," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

"तुझ्यात?" दादा म्हणाला. "तुझ्यात काय बिघडणार? तुला मी कधी दुरुस्त केलेलं नाही."