स्वरालीच्या गेममध्ये ‘जिंकलात’ येतच नाही

मंडळी, आज सहावीतल्या एका पोरीचा गेम सांगते.

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर मी शिकवते. नकाशा नीट समजावा म्हणून मुलांना कॉम्प्युटरवर स्वतःचा गेम बनवायला सांगितला होता. वाट आखा, अडथळे घाला, जिंकायचं कसं ते तुम्हीच ठरवा.

बाकीच्यांनी गाड्या पळवल्या. स्वरालीच्या गेममध्ये तिचे बाबा मुंबईहून घरी येतात. रेल्वेने वीर स्टेशनला उतरायचं, रिक्षाने महाड, मग पोलादपूर आणि तिथून वाडीची शेवटची एसटी. ती चुकली की पुन्हा मुंबईपासून सुरुवात!

मी खेळायला बसले तर एसटी चुकवतच होते, मुलं ओरडत होती. शेवटी एकदाचे बाबा अंगणात पोचले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाबा पायरीवर बसले. पुढे काहीच होईना.

"अगं, इथे ‘जिंकलात’ असं यायला हवं ना? विसरलीस बघ."

"नाय बाई, मुद्दाम नाय घातलं. गेम संपला की पयल्यापासून चालू होतो. मग बाबा परत मुंबईत जातात."

 अर्ध्या वर्गाचे बाबा तिकडेच आहेत. माझा नवराही.

शाळा सुटली तेव्हा बाबा पायरीवर बसलेलेच होते. मी फक्त स्क्रीन बंद केला आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून घरी आले. मुख्याध्यापक उद्या ओरडतील, ओरडू देत.

खरं सांगा, तुमच्याने झाला असता बंद?