आठ चाकांचा दसरा

न्यूझीलंडचे पोलीस एरवी कमरेला पिस्तूल लावत नाहीत, हे आईला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. "मग चोर दिसला की काय नुसतं किआ ओरा म्हणतात?" असं ती विचारायची; किआ ओरा म्हणजे इथला रामराम. पोरिरुआतल्या आमच्या गल्लीत चोर फिरकत नसत, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला उदाहरणही नव्हतं.

बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून इकडे घेऊन आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर. दसऱ्याला त्यांच्या गाडीचा हार आई घरी ओवायची आणि डेपोत जाऊन बॉनेटला हळदकुंकूही तीच लावायची. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, वहिनी, आमच्या पण गाडीला लावा. बाबा गेले आणि तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावणं सोडून दिलं. कुणी टोकलं नव्हतं तिला. नातेवाइकांना तोंड उघडायची संधीही न देता ती आपणहूनच मागच्या रांगेत जाऊन बसली. मला त्याचा असा संताप यायचा की काय सांगू. मी भांडले, रडले, हा कुठला जमाना म्हणून भाषणं ठोकली. ती सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "चहा टाकू?"

त्या दसऱ्याला मला दुसरं काही नको होतं. आमच्या गाडीला तिनं स्वतःच्या हातानं कुंकू लावावं, बस. म्हणून मी मुद्दाम सुट्टी घेतली, तबक तयार केलं, दाराला तोरण लावलं. तोरण प्लास्टिकच्या झेंडूचं, ऑकलंडला गेलो होतो तेव्हा सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेलं. इथे ऑक्टोबरात खरा झेंडू कुठून आणणार? आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "तू लाव. मी सांगते."

तेवढ्यात गल्लीत पोलीस आले. टोकाच्या घरात एक माणूस भांडण करून दार लावून बसला होता, कुणीतरी बंदुकीचा बार ऐकला होता, आणि आता कुणीही घराबाहेर पडायचं नव्हतं. माझा नवरा श्रीखंडासाठी दही आणायला गेलेला, तो बाहेरच अडकला. "मी पोलिसांच्या टेपच्या पलीकडे उभा आहे," त्यानं फोनवर कळवलं, "दही तापतंय."

मग ती आली. हिरवी, आठ चाकांची, आमच्या बैठकीपेक्षा मोठी चिलखती गाडी. खिडकीच्या काचा थरथरल्या. माझी पाच वर्षांची लेक खुर्चीवर चढून म्हणाली, "आजी, इट्स अ टँक."

"आहे की यांच्याकडे," आई खूश झाली.

मी सांगितलं की ही पोलिसांची नव्हे. गोळीला दाद न देणारी गाडी लागलीच तर ते लष्कराकडून मागून आणतात, शेजारणीकडून पुरणयंत्र आणावं तशी. चालवणाराही लष्कराचाच.

"उसनी का होईना," आई म्हणाली.

एवढं करून झालं काय, तर गाडी नुसती दोनदा गुरगुरली आणि तो माणूस हात वर करून, पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत बाहेर आला. घरात सापडली ती पोसम नावाचे झाडांवरचे उपद्रवी प्राणी मारायची छऱ्याची बंदूक. त्याला घेऊन गेले आणि पोलीस म्हणाले, आता बाहेर या. पण गाडीला वळायला जागा होईना, म्हणून समोरच्या मोटारी हलेपर्यंत ती आमच्या फाटकाशी उभी राहिली.

आई खिडकीतून हलेना. "आज दसरा. शस्त्र तेच, वाहन तेच. दारात उभं आहे आणि कपाळ मोकळं. असंच पाठवायचं?"

"आई, ती लष्कराची गाडी आहे."

"एसटी काय आपल्या घरची होती? जा, लाव. मी फाटकातून सांगते."

मी तबक घेऊन निघाले. एका तरुण पोलिसाची नजर नारळावर खिळली. त्यानं मला तबक सावकाश खाली ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. नारळ घरंगळत गाडीखाली गेला.

"अगं, पूजेचा नारळ रस्त्यावर ठेवतात का?" फाटकातून आवाज आला.

"पोलीस म्हणताहेत, आई."

हसत हसत त्यांची साहेबीण आली, चांगली धिप्पाड, आईच्याच वयाची असेल. आज आम्ही आमच्या वाहनांचे आभार मानतो, असं मी तिला कसंबसं सांगितलं. तिनं वरच्या झाकणातून डोकावणाऱ्या सैनिकाकडे पाहिलं. "स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे खुशाल करा. तरुण पोलिसानं पालथं पडून नारळ काढून दिला.

मी घाबरून आधी कुंकूच लावलं.

"आधी हळद," फाटक म्हणालं. "आणि आता स्वस्तिक काढ."

इथे पोलिसांसमोर स्वस्तिक काढलं असतं तर मी थेट बातम्यांतच झळकले असते. मी घाईघाईनं श्री काढला.

"तो श्री आहे की माकडाचं शेपूट?" आई म्हणाली, आणि फाटक उघडून तरातरा आली. माझ्या हातातलं तबक तिनं हिसकावून घेतलं. ओल्या फडक्यानं माझा श्री पुसला. मग हळद, कुंकू, अक्षता, सगळं असं झरझर केलं की मी नुसती बघत राहिले. दाराचं तोरण मला काढायला लावून गाडीला बांधून घेतलं. शेजाऱ्यांच्या झाडाची आठ लिंबं प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवायला लावली. गाडीच्या पोलादावर नारळ फोडायचा तिचा फार विचार होता, पण साहेबिणीनं नम्रपणे फुटपाथची कड दाखवली.

खोबरं वाटून झाल्यावर साहेबिणीनं टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं. आईनं सवयीनं तिला हळदकुंकू लावलं. आता या बाईला काय वाटलं कोण जाणे, आपणही उलट लावायला हवं असं वाटलं असेल. मी काही बोलायच्या आत तिनं करंड्यात अंगठा बुडवला आणि आईच्या कपाळावर टेकवला. चांगलं रुपयाएवढं कुंकू.

आई तशीच उभी राहिली. मग तिनं, डेपोत ड्रायव्हरांच्या बायकांशी वागायची तशीच, साहेबिणीला मान लववून नमस्कार केला. गाडी सुरू झाली, लिंबं फटाफट फुटली, आणि प्लास्टिकचा झेंडू हलवत ती गल्लीबाहेर गेली.

संध्याकाळी नवरा दही घेऊन आला. आईनं ते फडक्यात बांधायला घेतलं. मी तिच्या कपाळाकडे न बघता वेलदोडे सोलायला घेतले. पण लेकीला कुठला दम. "आजी, देअर्स समथिंग ऑन युअर फोरहेड."

"असू दे," आई गाठ मारत म्हणाली. "पोलिसांनी लावलंय. आपण कसं पुसायचं?"