डार्करूममधली मिशी

"नवी नवरी आहे, त्यात बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीवर गेली की परत यायची नाही. तिचं काम निखिलला शिकवून ठेवा."

आमच्या लॅबचे सर मधुराताईंना माझ्याबद्दल सांगत होते आणि मी दाराबाहेर, बर्फाचा डबा धरून. आत गेले, डबा ठेवला, काहीच बोलले नाही. पण न बोलणाऱ्याकडे किस्से भराभर साठतात. त्यात आमचं निम्मं काम अंधारात, आणि अंधारात माणसं जरा जास्तच बोलतात.

*

कर्वेनगरला घरी सासूबाईंना समजावलं, "आम्ही अतिसूक्ष्म कण बनवतो. त्यांच्यावर पांघरूण असतं. कॅन्सरच्या गाठीतलं एन्झाइम ते कापतं, मग कण चमकतो आणि गाठ दिसते. एन्झाइम नसेल तर कण गप्प."

"म्हणजे तुझ्यासारखाच," सासूबाई म्हणाल्या.

हिंजवडीहून दमून आलेले हे म्हणाले, "आमचं सॉफ्टवेअर उलटं. क्लायंट समोर आला की बंद पडतं."

*

कणांची चमक दाखवणारा अल्ट्राव्हायोलेट दिवा बिघडला म्हणून मधुराताई आणि मी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "नोटा तपासायला?"

"नाही, कॅन्सर शोधायला," मधुराताई म्हणाल्या.

"बिलावर नोटाच लिहितो. गॅरंटी तेवढ्याचीच आहे."

*

त्याच दिव्याखाली एकदा निखिल ओरडला, "चमकलं!" सरांनी पेढे मागवले. मग बघतो तर एन्झाइम न घातलेली नळीही चमकतेय. नळीचं झाकण चमकतंय. दाराची कडीसुद्धा.

"हळद," मधुराताई म्हणाल्या. हळद या दिव्यात लखलखते.

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नवी नवरी ना! मी हात पुढे केले. मधुराताईंनी दिवा माझ्या हातांवरून फिरवला. स्वच्छ. मग सरांकडे वळवला. दुपारी सरांनी डब्यातले पोहे खाल्ले होते.

"सर, टेस्ट यशस्वी. मिशी पॉझिटिव्ह आहे."

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खरी टेस्ट. कण मी बनवलेले, पण सरांनी नळ्या निखिलच्या हातात दिल्या. "तूच कर. पुढे तुलाच बघायचंय."

डावीकडच्या नळीत एन्झाइम, उजवीकडच्या नळीत नाही. दार बंद. जांभळा उजेड. आम्ही चौघं नळ्यांवर वाकलेले.

सरांना धीर नाही, हे सगळ्या लॅबला माहीत. "काही नाही होत. लाव रे लाइट." निखिलचा हात बटणाकडे गेला.

डावी नळी तळापासून हिरवी होऊ लागली होती. उजवी काळीच.

"लाइटला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. "आणि सर, दिवाळीनंतर सोमवारी मी येतेय."